गणिताची सोयरीक

नाना, तुमचा फोन अजून वाजून राह्यला. तुमच्या सुनेनं, म्हणजे आमच्या वहिनीनं, तो भिंतीतल्या देवळीत ठेवलाय, चार्जिंगला लावून, कारण बंद करायला घरात कोणाचा हात धजत न्हाई. तेरावा होऊन गेला तरी रोज कोणी ना कोणी लावतंच. परवा मी तिथं होते तर माहोऱ्याकडच्या एका माणसाचा आला. वहिनीनं सांगितलं, नाना गेले हो. तो बिचारा खरंच हळहळला. आमच्या दोन्ही पोरींचं त्यांनीच जमवलं म्हणाला, असा माणूस होणे न्हाई म्हणाला, आणि मंग जरा घसा खाकरून विचारलं, की आता धाकट्याचा बायोडाटा कोणाकडं पाठवू. वहिनीला रडता रडता हसू आलं. तुम्ही असते तर म्हणाले असते, याच नंबरवर पाठव, इकडं बी पोरी असतीलच की.

तेराव्याच्या पंगतीत जो तो आपापली सोयरीक सांगत होता. आमचं नानांनी केलं, आमच्या थोरलीचं नानांनी केलं. ज्या नवरा-बायकोचं एकमेकांशी पटत न्हाई, ते बी शेजारी शेजारी बसून सांगत होते. माझं मात्र कोणी काढलं न्हाई. एकदोघांनी काढलं ते हसण्यावारी. कारण माझी सोयरीक तुम्ही माणसाशी जुळवलीच न्हाई. ती तुम्ही बारावीच्या गणिताशी जुळवली. रीतसर चौकशी करून, बैठक घालून, सुपारी फोडून. आणि आपल्याकडं एकदा सुपारी फुटल्यावर सोयरीक मोडली तर खानदानाचं नाक जातं, हे तर तुम्हीच गावोगाव सांगत फिरायचे.

नात्यानं तुम्ही दादांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे आतेभाऊ. पण जाफराबाद-भोकरदनच्या पट्ट्यात तुम्हाला नात्यानं कोण ओळखत होतं? सोयरिकी जुळवणारे नाना, बस. शेती होती, पण ती तुमचा मुलगा, रमेशदादा बघायचा. तुम्ही धोतर सावरत जीपच्या पुढच्या सीटवर. तुमची चौकशी करायची पद्धत मी लहानपणापासून ऐकत आले. मुलाच्या घरी गेले की आधी बैठकीत न्हाई, आधी गोठ्यात. पाहुण्यासमोर सगळेच गोड वागतात, पण बैलासमोर कोण सोंग करतंय, असं तुम्ही म्हणायचे. बैल अंग चोरत असला की त्या घरात हात उचलायची सवय आहे समजायचं. मंग न्हाव्याकडं जाऊन बसायचं आणि दाढी नसली वाढली तरी करून घ्यायची, कारण न्हाव्याच्या खुर्चीत बसलं की गाव आपोआप कळतं. लग्नसराईत तुमच्या गालाची सालं निघालेली मी बघितली आहेत.

तुमचा एक नियम मात्र पक्का होता. अठराच्या आतल्या पोरीचं लग्न लावून द्यायचं न्हाई. कायदा तुम्हाला कोणी शिकवला न्हाई. एकदा अशाच एका लग्नात तुम्ही पोलीस ठाण्यात दिवसभर बसून आल्ते, आणि तिथला चहा तुम्हाला बाधला, असं तुमचं म्हणणं. पण ठरवून ठेवायला, शब्द टाकून ठेवायला तुमची ना नव्हती. त्याच कामानं तर तुम्ही त्या उन्हाळ्यात आमच्याकडं आल्ते. बुलढाण्याकडच्या एका घरानं माझ्यासाठी शब्द टाकला होता. पोरगी बारावी होऊ द्या, लग्न नंतर करू, पण आमचं नाव धरून ठेवा, असा.

तुम्ही आले आणि मी चहा आणला. एक घोट घेतला आणि तुमचं तोंड झालं कडवट. चहात साखरच नव्हती. दुसऱ्याच्या घरी असते तर तुम्ही तिथंच त्या घराचा निकाल लावला असता. आमच्याकडं तुम्ही माझे डोळे बघितले आणि दादांना विचारलं, पोरीचं काय बिनसलं?

बिनसलं होतं ते असं. मी अकरावी सायन्सला होते, भोकरदनच्या कॉलेजात. अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलं होतं. बारावीला दोन्ही ओढणं झेपायचं न्हाई, एक सोडायचं, असं घरात ठरलं. कोणतं सोडायचं ते बी घरातच ठरलं, फक्त मला न विचारता. गणित सोडायचं. दादांचं म्हणणं सरळ होतं. गणितात पोरं नापास होतात. पोरगी नापास झाली की गावात बोभाटा होतो, आणि मंग सोयरिकीच्या वेळी ते निघतं. जीवशास्त्र घेतलं की कुठं ना कुठं चिकटता येतं. नर्सिंग आहे, फार्मसी आहे, नशीब उघडलं तर डॉक्टर. आणि आमच्या वर्गातल्या झाडून सगळ्या पोरी गणित सोडूनच राह्यल्या होत्या. दादा काही दुष्ट न्हाईत, नाना, तुम्हाला माहीत आहे. ते फक्त सगळे जातात त्या रस्त्यानं जाणारे आहेत.

आणि मी काही हुशार नव्हते. तुम्ही नंतर बाजारात सांगत फिरायचे, आमची सवी गणितात वाघीण होती म्हणून. साफ खोटं. अकरावीला मला गणितात जेमतेम मार्क होते, वाघीण कुठली, मांजर बी न्हाई. पण मला ते आवडायचं, आणि का आवडायचं ते मी त्या वेळी कोणाला सांगू शकले न्हाई. आज तुम्हाला सांगते. जीवशास्त्रात बाईंनी सांगितलं ते मान्य करायचं. झुरळाच्या हृदयाला तेरा कप्पे म्हटलं की तेरा, आपण कुठं मोजायला जातो. पण गणितात एकदा सर फळ्यावर चुकले, मी हात वर केला, आणि सरांनी बघून म्हटलं, बराबर आहे, पुसतो. नाना, आमच्या घरात मोठं माणूस चुकलं असं म्हणायची सोय नव्हती. मी त्या दिवशी घरी येईपर्यंत जीपमध्ये एकटीच हसत होते.

तर तुम्ही ऐकून घेतलं. दादांना वाटलं तुम्ही म्हणाल, पोरीला समजावा. तुम्ही म्हणाले, म्हणजे दोन स्थळं आहेत की.

दादा हसले. तुम्ही हसले न्हाई. तुम्ही विचारलं, दोन्हीकडची चौकशी केली का? दादा म्हणाले, विषयाची कसली चौकशी नाना. तर तुमचा पाराच चढला. बिनचौकशीचं स्थळ करायचं न्हाई, तसं बिनचौकशीचं मोडायचं बी न्हाई. मोडलेल्या स्थळाची बी इज्जत असते म्हणे. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही दादांना जीपमध्ये घालून भोकरदनला घेऊन गेले. बुलढाण्याकडच्यांचा शब्द तसाच तुमच्या खिशात राह्यला.

पुढचं मला दादांनी सांगितलं, आणि ते सांगताना त्यांना अजून घाम फुटतो. आधी तुम्ही कॉलेजसमोरच्या न्हाव्याकडं दाढी केली. मंग गणिताच्या सरांचं घर विचारत गेले. सुट्टी होती, सर लुंगीवर अंगणातल्या झाडांना पाणी घालून राह्यले होते. तुम्ही बाजेवर बसले, पाणी पिले आणि ओळख न पाळख, एकदम म्हणाले, पोरगी द्यायचं मनात आहे, पण आधी खोड सांगा. सर हडबडले. त्यांचं लग्न झालेलं, दोन लेकरं तिथंच अंगणात खेळत होती, आणि त्यांची बायको दारात येऊन उभी राह्यली. दादांनी हातापाया पडून सांगितलं की हो, विषयाचं चाललंय, गणिताचं, तेव्हा कुठं त्या बाईनं चहा टाकला.

सर मात्र भला माणूस. त्यांनी खरं ते सांगितलं. म्हणाले, त्रास देतं. दिवाळीपर्यंत रडवतं. रोज बसलं न्हाई तर बिलकुल ओळख दाखवत न्हाई. पण जो टिकला त्याला मंग फसवत न्हाई.

दादा म्हणतात, एवढं ऐकून त्यांचा निर्णय पक्का झाला की हे नकोच. आणि तुम्ही त्यांच्या मांडीवर चापट मारून म्हणाले, स्थळानं स्वतःच्या तोंडानं खोड सांगितली, असं घर सोडू नये. मंग तुम्ही स्टँडजवळच्या एका मोबाईलच्या दुकानात गेले. त्या दुकानातल्या पोरानं अर्ध्या वर्षात गणित सोडलं होतं, हे न्हाव्याकडून कळलं होतं. तुम्ही त्याला नांदायला जाऊन परत आलेल्या पोरीसारखं हळूच विचारलं, काय जाच होता बाबा? तो म्हणाला, जाच न्हाई, मीच बसत नव्हतो. हे तुम्ही दादांना दोनदा ऐकवलं.

दुसऱ्या स्थळाचं बी तुम्ही बराबर केलं, म्हणजे तुमच्यावर पक्षपाताचा आरोप करायला जागा ठेवली न्हाई. जीवशास्त्राच्या बाई भेटल्या, त्या म्हणाल्या, काही अडचण न्हाई, सगळ्यांना जमतं, बिनधास्त पाठवा. तुमच्या कपाळावर आठी पडली. खोडच न सांगणारं स्थळ. मंग म्हणाले, गोठा बघू. आणि दादांना घेऊन थेट जालन्याला, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासपाशी. तिथं खिडकीतून आत बघितलं तर पोरं-पोरी खांद्याला खांदा लावून बसलेली, पंखा एक, आणि सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला. तुम्ही बराच वेळ बघितलं. एवढी जनावरं एका दावणीला, म्हणाले, आणि वैरण किती जणांना पुरणार? वॉचमननं तुम्हा दोघांना हाकललं तेव्हा कुठं तुम्ही खिडकी सोडली. मला सांगा नाना, त्या पोरांनी खिडकीत तुमचं फेट्यासकट डोकं बघितलं असंल तेव्हा त्यांना काय वाटलं असंल.

त्या रात्री दादांनी आईला सांगितलं की नानांचं वय झालं. आणि सकाळी तुम्ही हजर. बैठक घाला म्हणाले.

ओसरीवर सतरंजी टाकली. एका बाजूला दादा, एका बाजूला तुम्ही. आई दाराआड उभी, तिला तुम्ही बाहेर बोलावून बसवलं. दादांनी आपलं सगळं मांडलं. नापास झाली तर काय, पुढं संभाजीनगरला शिकायला जावं लागलं तर एकटी कशी राहील, आणि त्या गणिताचं शेवटी करायचं काय. तुम्ही सगळं ऐकून घेतलं, मान डोलावत, मध्ये न बोलता. तुमच्यासारख्या माणसाला मध्ये न बोलायला किती कष्ट पडले असतील ते मी जाणते. मंग तुम्ही मला हाक मारली.

"सवे, इकडं ये. खाली बघू नको, माझ्याकडं बघ. तुला पसंत आहे का?"

नाना, मी सतरा वर्षांची होते. त्या दिवसापर्यंत मला या घरात कोणी वाईट वागवलं नव्हतं. कपडे आणले, शाळेत घातलं, आजारी पडले तर दवाखान्यात नेलं. पण हे कोणी विचारलं नव्हतं. भाजी कोणती करू हे बी न्हाई. मला एकदम काय झालं कोणास ठाऊक, रडू येईल वाटलं आणि आलं न्हाई.

"पसंत आहे," मी म्हणाले.

"त्रास देतं म्हणतात."

"देऊ द्या. रडीन, पण सोडणार न्हाई."

दादांनी शेवटचं काढलं, नापास झाली तर? तुम्ही म्हणाले, तर माझ्या नावानं बोंब मारा, सोयरीक मी जुळवली. आणि कोणाला काही कळायच्या आत तुम्ही बंडीच्या खिशातून सुपारी काढली, अडकित्ता काढला आणि कटकन फोडली. एक खांड दादांच्या हातावर ठेवलं. दादांनी सवयीनं तोंडात टाकलं. टाकल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलं. पाहुण्यांच्या बैठकीत सुपारीचं खांड खाल्लं म्हणजे शब्द दिला. आता थुंकता बी येईना.

आणि आई. तिचं तर मला अजून हसू येतं. तिनं जन्मभर जेवढ्या सुपाऱ्या बघितल्या त्यात सुपारी फुटली की पोरीला कुंकू लावायचं आणि साखर वाटायची. ती उठली आणि तिनं मला कुंकू लावलं. साखरेची वाटी आणली. तेवढ्यात शेजारच्या गिरजाकाकू विरजण मागायला आल्या. त्यांनी बघितलं, ओसरीवर सतरंजी, नाना मध्यस्थ, हातात अडकित्ता, माझ्या कपाळाला कुंकू आणि आईच्या हातात साखर. त्या चिमूटभर साखर तोंडात टाकून विरजण न घेताच गेल्या.

संध्याकाळपर्यंत गावभर. सवीची सुपारी फुटली. मुलगा कुठला, काय करतो, किती शेती. दळणाला गेले तर गिरणीवाल्यानं अभिनंदन केलं. दादा जो येईल त्याला सांगून राह्यले होते, अहो विषयाची होती, गणिताची, आणि जितकं सांगत तितकं लोकांना वाटे की हे स्थळ लपवून राह्यले, म्हणजे पार्टी नक्की मोठी आहे.

आणि मंग बुलढाण्याकडचे पाहुणे आले. जीप भरून. शब्द आम्ही टाकला, आमचा शब्द नानांच्या खिशात, आणि सुपारी दुसरीकडं फोडली? त्यांचंही काही चुकलं न्हाई. तुम्ही त्यांना खरं ते सांगितलं, की पोरीचं बारावीच्या गणिताशी ठरलंय, दुसरं स्थळ न्हाई. त्यांच्यातले म्हातारे उठून उभे राह्यले. आम्हाला येडं समजता का, म्हणाले. तुम्ही त्यांना पाणी दिलं, त्यांनी घेतलं न्हाई. पाणी न घेता गेलेला पाहुणा, नाना, तुमच्या धंद्यात तर हे फार वाईट.

त्या सालच्या लग्नसराईत तुमचं किती नुकसान झालं ते मला फार उशिरा कळलं. त्या पाहुण्यांनी बाजारात सगळीकडं सांगितलं. तीन-चार घरांनी तुमच्याकडं टाकलेला शब्द परत घेतला. भोकरदनच्या बाजारात पोरं तुम्हाला विचारायची, नाना, आमच्या इतिहासाचं काही जमतं का बघा. इंग्रजीला उजवायचंय, स्थळ आहे का. ज्या माणसाला लोक जीपची पुढची सीट मोकळी करून द्यायचे त्याची अशी टवाळी. तुम्ही आमच्या घरी येऊन यातलं एक अक्षर बोलले न्हाई. फक्त दर आठवड्याला बाजार करून आमच्याकडं यायचे आणि आल्या आल्या विचारायचे, नांदायला लागली का?

नांदते कसली. सर बोलले होते त्यातलं एक अक्षर खोटं निघालं न्हाई. श्रावणापर्यंत मी रोज रडत होते. इंटिग्रेशन आलं आणि मला वाटलं झालं, आता माझ्या नावावर नानांची पत बुडणार. एका बाजाराच्या दिवशी मी तुम्हाला म्हणाले, नाना, मला जमत न्हाई, मी सोडते. तर तुम्ही चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, पहिली दिवाळी झाल्याबिगर कोणती पोरगी परत येऊ म्हणते? दिवाळी होऊ दे, मंग मी स्वतः आणायला येतो. आणि मला एक गणित सोडवून दाखव म्हणाले. मी दाखवलं, वहीचं पान भरलं, आणि शेवटी उत्तर आलं शून्य. तुम्ही पानाकडं बघत राह्यले. एवढा खर्चा करून शून्य? मंग त्याला आधीच सांगता येत नव्हतं का? मी इतकी हसले की आई चुलीपासून उठून आली. आणि हसता हसता मला ते गणित कळलं, खरंच. कोणाला तरी समजावून सांगितलं की कळतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मंग वर्षभर मी तुम्हाला दर आठवड्याला इंटिग्रेशन शिकवलं. तुम्हाला एक ओळ समजली न्हाई. पण तुम्ही मान इतकी बराबर डोलवायचे की सर बी फसले असते.

दिवाळी झाली. तुम्ही आणायला आले न्हाई, आणि मी बी वाट बघितली न्हाई. मी पास झाले. वाघिणीसारखी न्हाई, पण पास. पुढं गणित घेऊनच बी.एस्सी. केलं, आता नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत आहे, कोणत्या शेतात कोणतं वाण किती उतरलं त्याचे आकडे मांडते. आणि साहेब चुकले तर हात वर करते. साहेबांना ते आवडत न्हाई, पण ते पुसतात.

आपलं भांडण मात्र अर्धवट राह्यलं, नाना, आणि त्याचा मला राग आहे. मी तुम्हाला किती वेळा विचारलं, की त्या दिवशी तुम्ही सुपारी का फोडली? तुम्हाला गणिताचं काय कळत होतं? का तुम्हाला ते बुलढाण्याकडचं घरच पसंत नव्हतं आणि माझ्या गणिताआड तुम्ही ते टाळलं? त्यांचा गोठा बघून आल्ते का तुम्ही? तुमचं ठरलेलं उत्तर. मला तलफ आल्ती म्हणून फोडली. दर वेळी तेच. दवाखान्यात नळ्या लावलेल्या असताना शेवटचं विचारलं, तर डोळे मिटून म्हणाले, तलफ. तुम्हाला कधी सरळ बोलता आलं न्हाई. आणि माझ्यासाठी मंग इतकी माणसांची स्थळं आणली तुम्ही, मी एकेक मोडत गेले, आणि तुम्ही कपाळावर हात मारून म्हणायचे, पहिलंच स्थळ असं करून दिलं की आता हिला दुसरं पसंतच पडत न्हाई. कोणी हसलं की तुम्हाला बरं वाटायचं. मला कधी कधी वाटायचं, तुम्हाला याचं खरंच वाईट वाटतं. ते बी विचारायचं राह्यलं.

आता परवाचं सांगते, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले. रमेशदादानं मला बोलावून घेतलं. तुमची नात साक्षी बारावीत गेली. तिनं बी अकरावीला दोन्ही विषय ओढले, आणि आता गणित सोडायचं म्हणून हट्ट धरलाय. रमेशदादा म्हणाला, तू समजाव. नानांनी तुझं केलं तसं हिचं तू कर. गणित घेतलं तर नानांच्या आत्म्याला शांती मिळेल. तुमच्या फोटोला हार होता, उदबत्ती होती, आणि मी तुमची लाडकी. मी सुरू झाले. नोकऱ्या सांगितल्या, पगार सांगितले, माझं उदाहरण दिलं. मुलाकडची माणसं बोलतात तसं गोड गोड बोलत होते मी. एक बी खोड सांगितली न्हाई. साक्षी ओढणीशी चाळा करत बसली होती, मान खाली घालून. ते बघितलं आणि माझं तोंड आपोआप बंद झालं. तुमच्या घरात, तुमच्या फोटोसमोर मी हे काय करून राह्यले?

मी तिला म्हणाले, इकडं बघ साक्षी. तुला पसंत आहे का?

तिनं बघितलं. "न्हाई आत्या. बिलकुल न्हाई. मला जनावरांचं डॉक्टर व्हायचंय."

तुमच्याच गोठ्यात वाढलेली पोर, दुसरं काय म्हणणार. रमेशदादा चिडला. नाना असते तर हे ऐकून घेतलं नसतं म्हणाला. मी म्हणाले, नाना असते तर त्यांनीच मोडलं असतं, रमेशदादा. त्यानं उठून फोटोचा हार सारखा केला. मंग म्हणाला, घे बाई, जे घ्यायचं ते घे. अशी तुमच्या घरातली गणिताची सोयरीक मी मोडली. तुम्ही माझ्यासाठी टवाळी सोसली ती गणितासाठी न्हाई, मी पसंत आहे म्हणाले म्हणून, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. एवढं सोपं उत्तर सापडायला मला इतकी वर्षं लागली, आणि तुम्ही मला वाघीण म्हणायचे.

निघाले तर साक्षी जीपपर्यंत सोडायला आली. जीप दिसली तेव्हा माझा हात धरून म्हणाली, आत्या, घरात मला फक्त आबा, म्हणजे तुम्ही, विचारायचे. काय आवडतं, काय नको, सगळं. आता कोण विचारणार?

तुम्ही गेल्यापासून मी रडले नव्हते, नाना. लोकांसमोर रडायचं टाळत होते, आणि एकटी असले की तुमचे किस्से आठवून हसू यायचं. त्या रस्त्यात, जीपवाला हॉर्न वाजवून राह्यला असताना, मी रडले. साक्षी बी रडली. जीपमधल्या बायकांना वाटलं पोर सासरी निघाली.

मी आहे, मी विचारीन, असं मी तिला सांगून बसले. सांगितलं खरं. पण दुसऱ्याच्या ओसरीवर बसायचं, त्याचाच चहा प्यायचा आणि त्याच्यासमोर त्याच्याच पोरीला विचारायचं, याला जी बेशरमी लागते ती तुमच्याकडं होती. माझ्यात ती अजून आली न्हाई. शिकून राह्यले, नाना. दिवाळीपर्यंत रडीन बहुतेक.